चिखलातले स्वयंवर

खेकड्याला मराठी भाषेने फारसे चांगले वागवलेले नाही. तिरके चालणाऱ्याला आपण खेकडा म्हणतो, तिरके बोलणाऱ्यालाही खेकडाच म्हणतो. टोपलीला झाकण नसले तरी मराठी खेकडे बाहेर पडत नाहीत, कारण एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, ही गोष्ट तर स्नेहसंमेलनाचा प्रत्येक प्रमुख पाहुणा आपण आत्ताच रचली अशा थाटात सांगतो. आमच्या कॉलेजात मी ती सलग नऊ वर्षे ऐकली आहे आणि नवव्या वर्षीही टाळ्या पडल्या आहेत. ताटात आला म्हणजे मात्र खेकड्याचे कौतुक होते. पण ते कौतुक खेकड्याचे नव्हे, वाटपाचे.

मला आज ज्या खेकड्याविषयी लिहायचे आहे तो ताटातही येत नाही. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा जीव. त्याला सोलून कोणाचे पोट भरणार? मालवणात खाण्याजोग्या कुर्लीला मान आहे, तिच्या डेंग्यांवरून पंक्तीत मानापमान झालेले मी पाहिले आहेत. याला आमच्या आजोळी नुसते ‘बारके कुर्ले’ म्हणत आणि पुढे जात. इतर भाषांनी मात्र त्याच्याकडे थांबून पाहिले. इंग्रजाला तो सारंगी वाजवताना दिसला, म्हणून त्याने नाव ठेवले फिडलर क्रॅब. लिनीअसने १७५८ साली त्याच्या एका जातीला लॅटिनमध्ये ‘व्होकान्स’ म्हटले, म्हणजे हाका मारणारा. जर्मन त्याला हात हलवून खुणावणारा म्हणतो. सर्वांत सुंदर नाव जपान्यांचे आहे: शिओमानेकी, भरतीला बोलावणारा.

मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी, तिच्या पलीकडे कालावलची, दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते तो भाग. यांपैकी कोठेही सुकती लागल्यावर काठाशी जाऊन बसावे. उभे राहू नये, बसावे. प्रथम काहीच दिसत नाही. ओला चिखल आणि त्याला पडलेली भोके. दहाएक मिनिटांनी एका भोकातून दोन काड्या वर येतात. ते त्याचे डोळे. मग दुसऱ्या भोकातून, तिसऱ्या, आणि पाहता पाहता सारा पट्टा हलू लागतो. पट्टे-पट्टे असलेली काळसर पाठ आणि एक नांगी गुलाबीसर, अंगाच्या मानाने अवाढव्य. दुसरी नांगी एवढीशी, चमच्यासारखी. मादीला मात्र दोन्ही नांग्या लहान. ती दोन्ही हातांनी चिखल उचलून तोंडात घालते, त्यातले अन्न निवडून उरल्या चिखलाच्या गोळ्या बाजूला टाकते. नर तेच काम एका हाताने करतो. त्याची मोठी नांगी जेवायच्या उपयोगाची नाही. तिचे वजन मात्र साऱ्या देहाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरते. म्हणजे बिचाऱ्याने एका हाताने जेवायचे आणि दुसऱ्या हातात आयुष्यभर एक पलंगाचा पाय धरून हिंडायचे.

ही नांगी दोन कामांसाठी असते. शेजाऱ्याशी भांडण्यासाठी, आणि मादी दिसली की वर उचलून, फिरवून, खाली आणून तिला बोलावण्यासाठी. सुकती असेपर्यंत हे चालू. भरती चढू लागली की चिखलाचे बूच ओढून घेऊन प्रत्येक जण आपापल्या बिळात बसतो.

या हातवाऱ्यांचा सांगोपांग अभ्यास जोसलीन क्रेन या अमेरिकन बाईंनी केला. जगभरच्या खाड्यांच्या चिखलात बसून त्यांनी वेगवेगळ्या जातींचे हातवारे टिपून घेतले आणि १९७५ साली सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. त्या काळी हे सगळे खेकडे ‘उका’ या एकाच कुळनामाखाली नांदत होते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्या एकत्र कुटुंबाची अकरा घरांत वाटणी केली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूमिश्रित चिखलात जो सर्रास भेटतो त्याचे आता नाव ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस. खाली, कांदळाच्या मुळांशी, मऊ गाळात राहणारे जरा थोराड असतात. त्यांचे घराणे टुबुका. ‘उका’ हा मूळ शब्द ब्राझीलचा, आणि तोही तिकडच्या एका निराळ्याच खेकड्याचा. कोणा चित्रकाराच्या चित्राखाली चुकीचे नाव पडले आणि तेच पुढे दोनशे वर्षे चालले. शब्दांच्या व्युत्पत्त्या शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, त्यामुळे या गोष्टीचे मला नवल वाटले नाही. समाधान मात्र वाटले.

क्रेनबाईंना असे दिसले की हातवाऱ्याची तऱ्हा आणि राहण्याची जागा यांचा संबंध आहे. खालच्या मऊ, ओल्या गाळात राहणाऱ्या जाती बहुतांशी नांगी सरळ वर नेतात आणि सरळ खाली आणतात. वरच्या अंगाला, घट्ट रेताड चिखलात राहणाऱ्या जाती नांगी बाजूला फाकवतात, डोक्यावरून वळसा देऊन परत छातीशी आणतात; त्यात ठेका असतो, मध्ये झटके असतात, काही तर पायांवर उचंबळतातही. पहिला नमस्कार म्हणावा तर दुसरी लावणी.

नुसता हातवाराच बदलतो असे नाही. लग्नाची सारी रीत बदलते. खालच्या गाळातल्या मादीला आपले बीळ पुरते, ती ते सोडून फारशी हिंडत नाही. तेव्हा नर तिच्या दाराशी जातो आणि पुष्कळदा तिथेच, उघड्यावर, सारे आटोपते. वरच्या पट्ट्यातली मादी मात्र अंडी उबवण्यासाठी चांगले, न ढासळणारे बीळ शोधत असते, आणि तसे बीळ नराकडे असते. म्हणून ती आपले घर सोडून निघते आणि शेकडो नरांच्या मधून चालत जाते. साहजिकच तिच्या नजरेत भरण्यासाठी नाचावे कोणाला लागते? वरच्या पट्ट्यातल्याला. हे दोन्ही संसार एकाच काठावर, कधी कधी दहा-पंधरा पावलांच्या अंतराने चाललेले असतात. मधे फरक एवढाच, की इथे चिखलात पाय रुततो आणि तिथे रुतत नाही.

दशावतार पाहिलेल्या वाचकाला हे अधिक सांगावे लागणार नाही. आमच्या सिंधुदुर्गात दिवाळी झाली, कार्तिक लागला, की जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटके. नेपथ्य म्हणजे एक बाक. समोर हजार माणसे, त्यांतली निम्मी खाज्याच्या दुकानांपाशी. अशा ठिकाणी संकासुराने भुवई उडवून काय होणार? तिथे हात खांद्यापासूनच फिरला पाहिजे, आवाज नारळीच्या शेंड्याला लागला पाहिजे. तोच नट मुंबईच्या बंदिस्त नाट्यगृहात आणला की शहरी प्रेक्षक म्हणतो, ‘जरा भडक करतो, नाही?’ तो भडक करीत नाही. तो अंगणाच्या मापाने करतो. ऑस्ट्रेलियात या खेकड्यांच्या एका जातीवर २००८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन असेच सांगते. मादी लांब असताना नराच्या हातवाऱ्याचे जे रूप असते ते ती जवळ येताना राहत नाही. त्याची ढब बदलते, ताल बदलतो. समोरचा किती अंतरावर आहे हे ओळखून अभिनय करणे आमच्या काही प्राध्यापकांनाही अजून साधलेले नाही.

जागेचा शिक्का तर डोळ्यांवरही बसलेला आहे. मोकळ्या सपाट चिखलावर राहणाऱ्या जातींचे डोळे लांब दांड्यांवर आणि एकमेकांच्या जवळ असतात. दगडधोंडे, मुळे, झुडपे यांत राहणाऱ्या खेकड्यांचे डोळे आखूड दांड्यांवर आणि एकमेकांपासून दूर. योखेन त्साइल या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याचा जो उलगडा केला तो मला एखाद्या सुरेख सिद्धांतासारखा वाटतो. सपाट जगात क्षितिज ही एक सरळ रेषा असते. खेकड्याचे डोळे त्या रेषेच्या उंचीवर. आता जे काही त्या रेषेच्या खाली दिसते ते आपल्याएवढे किंवा आपल्याहून लहान: म्हणजे शेजारी, मादी, प्रतिस्पर्धी. जे रेषेच्या वर डोके काढते ते मोठे: म्हणजे बगळा, घार, खंड्या किंवा मराठीचा प्राध्यापक. विचार करायला वेळ लागत नाही. रेषेच्या वर दिसले की बिळात. म्हणून मघाशी म्हटले, बसावे.

आणि म्हणूनच नर नांगी वर उचलतो, असेही काही जण मानतात. सगळे जग रेषेच्या खाली असताना जो हात त्या रेषेच्या वर जाऊन आकाशावर उमटतो, तो दुर्लक्षित राहूच शकत नाही. अर्थात तो पक्ष्यालाही दिसतो. ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका जातीत असे आढळले, की जिथे पक्ष्यांची ये-जा फार तिथले खेकडे मळकट, चिखलाच्या रंगाचे. जिथे ती कमी तिथले रंगेल. हे संशोधन २००६ सालचे. नटणे-मुरडणे ही हौस आहे हे खरे, पण तिला परवानगी मोहल्ल्याची लागते.

आता जरा बिळाकडे वळू. आमच्या घरी सध्या भाचीच्या लग्नाचे पाहतो आहोत, त्यामुळे या भागात मला विशेष रस आहे. स्थळ आले की माझी बहीण दोन प्रश्नांत मुलाचे शिक्षण आणि नोकरी आटोपते आणि तिसऱ्या प्रश्नावर खुर्ची पुढे ओढते: ‘जागा स्वतःची आहे का? आणि केवढी?’ भाची चिडते. मुलगा पाहायचा की जागा, म्हणते. मी तिला कॅलिफोर्नियाच्या खेकडीची गोष्ट सांगितली. सॅन दिएगोजवळच्या खाडीत कॅथरीन डरिव्हेरा या संशोधिकेने माद्यांच्या मागे मागे राहून मोजदाद केली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. एका मादीने पसंती देण्यापूर्वी एकशे सहा नरांची स्थळे पाहिली! कित्येक बिळांत ती स्वतः उतरून पाहून आली. शोध असतो मापाचा. बीळ किती रुंद यावर आत अंडी किती दिवसांत पक्व होतील ते अवलंबून. ती अंडी पोटाखाली घेऊन सुमारे दोन आठवडे आत बसणार. पिल्ले बाहेर सोडायची ती उधाणाच्या रात्रीच्या ओहोटीला, म्हणजे पाणी त्यांना झपाट्याने समुद्राकडे नेईल आणि मासे कमी खातील. बीळ मापाचे नसेल तर पिल्ले अवेळी तयार होतात आणि उधाण हुकते. तेव्हा जागा पाहणे म्हणजे नवरा न पाहणे, असे काही नाही. भाची म्हणाली, ‘मामा, एकशे सहा?’ तिला त्या आकड्यातच आशा वाटली असावी. बहीण मात्र आता प्रत्येक नकारानंतर ‘अजून शंभर आहेत’ असे माझ्याकडे पाहत म्हणते.

आपल्याकडच्या ॲन्युलिपीस जातीचीही मादी असेच करते: आधी नराचा आकार पाहते, मग बीळ पाहते. याच जातीवर मोझांबिकच्या किनाऱ्यावर पॅट्रिशिया बॅकवेल आणि सहकाऱ्यांनी काम केले. त्यांना १९९८ साली दिसलेली गोष्ट मी आमच्या खाडीतही पाहिली आहे, फक्त तिचा अर्थ मला तोवर कळला नव्हता. मादी जवळून जाऊ लागली की आसपासचे पाच-सहा नर एका तालात नांग्या वर नेतात, एका तालात खाली आणतात. वाटते, काय सुंदर समूहनृत्य! प्रत्यक्षात एकोपा बिलकूल नाही. मादीला जो सर्वांच्या आधी हात उचलतो तो आवडतो. म्हणून प्रत्येक जण पहिला होण्याची धडपड करतो, आणि साऱ्यांचीच धडपड सारखी असल्यामुळे ताल जमतो. कवायतीसारखे दिसते आणि असते शर्यत.

लबाडीही आहे. भांडणात नराची मोठी नांगी तुटली तर नवी उगवते. पण या जातीत ती नवी नांगी लांब असली तरी हलकी, नाजूक असते. तिला पकडीचा जोर नसतो. हलवायला मात्र सोपी. मादीला आणि प्रतिस्पर्ध्याला नुसते पाहून फरक कळत नाही. असा गडी खऱ्या मारामारीला उभा राहिला तर हरेल. पण मारामारीपर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही, नुसत्या थाटावर वेळ मारून न्यायची, हे त्याचे धोरण. मुंबईत राहणाऱ्याला यात नवे काही नाही.

आणि ते टोपलीतले पाय ओढणे? त्याला उत्तर २००४ साली मिळाले आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत असे आढळले की परका खेकडा येऊन एखाद्या लहान नराचे बीळ बळकावू लागला, तर शेजारचा मोठा नर आपले बीळ सोडून धावून जातो आणि त्या परक्याशी लढतो. निव्वळ परोपकार नव्हे. दुबळा ओळखीचा शेजारी बरा, दांडगा अनोळखी शेजारी नको, एवढा साधा हिशेब. पुढच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट आभारप्रदर्शनात घालण्याचा माझा विचार आहे.

पनामाच्या किनाऱ्यावर एक जात आहे. तिचा नर बिळाच्या तोंडाशी वाळूची छोटी कमान उभारतो. माद्या कमान असलेल्या बिळांकडे अधिक जातात. आपण म्हणणार, सौंदर्यदृष्टी! जॉन क्रिस्टी या शास्त्रज्ञाचे म्हणणे वेगळे आहे. उघड्या वाळूवरून जाणारी मादी भ्यालेली असते. वर पक्षी असतात. उंचवट्याकडे धावणे ही तिची जुनी, जीव वाचवण्याची सवय. नर त्या सवयीच्या जागी आपले दार मांडतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले की धोका वाढला की कमानीची ओढही वाढते. प्रेम आणि आसरा यांतला फरक त्या मादीला कळत असेल का, हा प्रश्न मी वर्गात विचारला असता तर मुलींच्या बाकांवरून काही चांगली उत्तरे आली असती. विचारला नाही. अभ्यासक्रमात नाही.

उन्हाचाही भाग आहे. दुपारी चिखल तापतो, नराला तर नाचायला उघड्यावर राहावे लागते. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसले की मोठी नांगी असलेल्या नरांचे अंग उन्हात कमी तापते; अंगातली उष्णता त्या नांगीवाटे बाहेर पडते. म्हणजे ज्याला आपण पलंगाचा पाय म्हटले तो थोडासा पंखाही आहे. आणि रात्री, जेव्हा हात दिसतच नाही, तेव्हा काही जाती जमिनीवर आघात करून मादीला बोलावतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जातीत १९६० नंतरच्या दशकात याचा कसून अभ्यास झाला. दिवसा नृत्य, रात्री ढोलकी.

हे सारे मी गेली चार-पाच वर्षे इतक्या चवीने वाचतो आहे याला एक घरगुती कारण आहे, आणि ते आता सांगायला हवे.

माझ्या आजोळचे खाडीकाठी एक खाजण आहे. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर कोकणात ठिकठिकाणी खारे पाणी अडवण्यासाठी बांध पडले. त्या बांधांनी अनेक घरांना भात दिले, आमच्या आजोळालाही दिले. माझी आई त्या भातावर वाढली, तेव्हा बांधाविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली. ती पहिल्या वर्षी बुजवली, दुसऱ्या वर्षी पुन्हा पडली, तिसऱ्या वर्षी माणसे मिळाली नाहीत. भरतीचे पाणी आत येऊ लागले. एका उन्हाळ्यात भाताच्या जागी नुसता पांढरा, मिठाने फुटलेला थर. त्याच्या पुढच्या वर्षी भोके. आणि आता तिथे शेकड्यांनी नर हात हलवीत असतात. कडेला तिवराची रोपे आपोआप उगवली आहेत.

मामेभावाला तिथे चिऱ्याची भिंत घालून, लाल मातीचा भराव टाकून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत. तारकर्ली, देवबागला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांच्या घरी मुले परत आली, हे तो रोज पाहतो. त्याचा मुलगा मुंबईत दोन गाड्या बदलून नोकरीला जातो आणि गावी यायचे म्हणतो. सातबारावर आईच्या मागे माझेही नाव लागले आहे. तेव्हा माझी सही लागते. मेमध्ये आम्ही दोघे बांधावर बसलो होतो. मी त्याला डोळ्यांच्या रेषेचे, बिळाच्या मापाचे, सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘भाऊ, सगळा खरा. पण भात पिकना नाय, बांध कोण घालना नाय. मग आता ह्या चिखलाची आरती करूया काय?’ आणि थोड्या वेळाने, एका नराकडे बोट करून, ‘तो बघ, हात करता. माका की तुका?’

कायदा काय म्हणतो ते मी पाहिले. किनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. सर्वांत जपायच्या जागांच्या यादीत कांदळवने आहेत, आणि ‘जैविकदृष्ट्या क्रियाशील’ चिखलपट्टेही आहेत. सरकारी भाषेतला हा एकच शब्दप्रयोग मला मनापासून आवडला. त्या पट्ट्यावर एक वाजता जाऊन बसणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ती क्रियाशीलता हात वर करून दाखवली जाईल. अडचण अशी, की आमची जागा कागदावर शेत आहे. पाण्याच्या मते ती खाडी आहे. दोघांपैकी सातबारा एकाकडेच आहे.

भराव पडला तर काय होईल, हे वरचे सारे वाचणाऱ्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. पण मामेभावाने विचारले होते, ‘जातले की बाजूक!’ म्हणून लिहितो. बाजू कोणती? वरच्या अंगाला कोरडी जमीन. तिथे त्याला पाणी नाही, आणि पाण्यावाचून त्याला चिखलातले अन्नही निवडता येत नाही. खालच्या अंगाला मऊ गाळ. तिथे त्याचे बीळ टिकत नाही, आणि तिथे दुसऱ्यांची वस्ती आहे. त्याची सारी नांगी, सारा नाच, डोळ्यांच्या दांड्यांची उंची, मादीची पायपीट, हे सगळे मधल्या काही पावलांच्या रेताड पट्ट्यासाठी घडलेले आहे. आणि एक गोष्ट सज्जन माणसांनाही सांगायला हवी. २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष झाला, २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान मिळाला, वेंगुर्ल्याला बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो. हे सर्व उत्तम झाले. पण मोकळा चिखल दिसला की त्यात ओळीने रोपे लावून टाकायची, हेही त्या नाचणाऱ्याच्या दृष्टीने भरावाच्याच जवळ जाते. क्षितिज झाकले की त्याला काय कळणार, वर आलेला हात शेजाऱ्याचा की बगळ्याची मान? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, एकोणतीस चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. लोक त्यातली प्रवाळे पाहायला लांबून येतात. चिखल पाहायला कोणी येत नाही. चार खोल्या बांधायच्याच असतील तर त्या घराच्या परसात बांधाव्यात आणि पाहुण्यांना सुकतीला बांधावर नेऊन बसवावे, असे मी मामेभावाला म्हटले आहे. ‘आणि दाखवू काय? हात?’ असे तो म्हणाला, पण हसून म्हणाला.

दिवाळीत कोकणात जाणाऱ्या वाचकांनी हे जरूर पाहावे. आमच्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणाने गुणा, येईल त्या तासाला पूर्ण भरती. अमावास्येला बाराच्या सुमारास, बीजेला दीड, अष्टमीला सहा. मालवणात मुंबईच्या मानाने थोडी आधी. भरतीनंतर दोन-अडीच तासांनी वरचा पट्टा उघडा पडतो. अमावास्येचे उधाण असल्यामुळे दिवाळीचे दिवस चांगले. मुलांना पांढरे कपडे घालू नयेत, एकदा बसल्यावर उठू देऊ नये, आणि फटाका तर नकोच. दुर्बीण असल्यास उत्तम. नर कोणता, मादी कोणती, हे पाच वर्षांच्या मुलालाही ओळखता येते. मादी चालत निघाली, की तिच्यावरून नजर काढू नये; ती कुठे कुठे उतरते ते बोटांवर मोजावे.

भाऊबीजेला मी आजोळी आहे. सहीचे कागद मामेभावाने टपालाने पाठवले होते, ते बरोबर नेतो आहे. बहीण आणि भाचीही येणार आहेत. बीजेची भरती मालवणात एकच्या आगेमागे, तेव्हा ओवाळणी, जेवण आटोपून साडेतीनच्या सुमारास सगळ्यांनी बांधावर जायचे ठरले आहे. मामेभावाने विचारले आहे, बसायला पाट आणू की चटई.